बलुत्याचा हिशेब

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी मराठींत खेड्याच्या व्यवस्थेविषयीं कोणी लिहावयास बसला म्हणजे त्यास प्रथम याच ग्रंथाकडे जावें लागतें. ज्या वस्तूचें वर्णन करावयाचें ती वस्तु नाहींशी झाली म्हणजे वर्णनाचेंहि महत्त्व बहुधा ओसरतें. या ग्रंथाचें तसें झालें नाहीं. प्रस्तुत लेखकानें तो अलीकडे पुन्हा वाचला तो निगडीस राहून. येथें गांवठाण म्हणून कांहीं गल्ल्या उरल्या आहेत. बाकी पुणें-मुंबई रस्त्याच्या कांठचें हें खेडें पिंपरी-चिंचवडच्या महानगरांत मिसळून गेलें असून त्याच्या एका अंगास आकुर्डी-चिंचवडचे आणि दुसऱ्या अंगास भोसरीपासून चाकणपर्यंतचे कारखाने आहेत. आत्र्यांनीं वर्णिलेलें खळें येथें शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. परंतु त्या खळ्यावर ज्यांस पेंढी मिळे आणि ज्यांच्या हातून ती मिळे, त्या दोघांचींहि नातवंडें-पणतवंडें याच वस्त्यांतून राहतात, आणि त्यांच्यामधील अंतर खळ्याबरोबर मोडलें गेलें असें मात्र दिसत नाहीं. तें कां मोडलें नाहीं हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे खरा. पण त्याचें उत्तर ज्या कागदांत आहे ते कागद मराठी वाङ्मयाचे आहेत, आणि ते आपण नीट वाचले नाहींत, असें माझें म्हणणें आहे.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत दलित आत्मकथनांवर मराठींत पुष्कळ टीका लिहिली गेली. तींत वेदना, विद्रोह, नकार, भाषेचा जिवंतपणा या शब्दांची मुळींच वाण नाहीं. सुशिक्षित घरांतून हीं पुस्तकें वाचलीं जातात, वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि पुस्तक कपाटांत परत जातें. 'गांवगाडा'हि त्याच कपाटांत असतो, पण वेगळ्या फळीवर. तो माहितीचा ग्रंथ आणि हीं दुःखाचीं पुस्तकें. माझ्या मतें हीं एकाच हिशेबाचीं पुस्तकें आहेत. एक वही देणाऱ्याच्या घरीं लिहिली गेली आणि बाकीच्या घेणाऱ्याच्या घरीं, इतकाच फरक. त्या वह्या शेजारीं ठेवून ताळा पाहणें हें टीकाकाराचें काम होतें. तसा ताळा पाहूं लागलें म्हणजे 'देणारा' आणि 'घेणारा' हे शब्दच या ठिकाणीं खोटे आहेत कीं काय, असा संशय येऊं लागतो.

प्रथम आत्र्यांकडे वळूं. ते सरकारी मुलकी नोकरींतले गृहस्थ, आणि ही नोकरी त्यांच्या गद्यास फार मानवली आहे. कविता, कादंबऱ्या यांतून खेड्याचें जें एक सोज्ज्वळ चित्र त्या काळीं रूढ होत होतें त्याचा या ग्रंथास वारा नाहीं. कोण कोणास काय देतो, कोणत्या सणास देतो, किती देतो, नाहीं दिलें तर काय होतें, हें सर्व त्यांस ठाऊक आहे, आणि त्यांतील प्रत्येक गोष्टीस गांवांत काय नांव आहे हेंहि ठाऊक आहे. पाटील, कुळकर्णी, जोशी, गुरव, गोसावी, फकीर, सरकारी शिपाई, कुणब्याच्या राशीकडे ज्याचा म्हणून हात वळतो तो प्रत्येक हात त्यांनीं धरला आहे. स्वजातीचीहि भीड त्यांनीं ठेवलेली नाहीं. हा त्यांचा निर्भीडपणा आणि शब्दसंपत्ति यांमुळें आजहि या ग्रंथाचीं पानें वाचतांना कंटाळा येत नाहीं. मराठी गद्यांत कोरडेपणास इतकी चव क्वचितच आली असेल.

परंतु गाड्याचें हें रूपकच पाहा. गाडा ओढणारा कुणबी, आणि बाकी सर्व त्यांत बसलेले. एकदां ही कल्पना मनांत धरली म्हणजे गांवांतील प्रत्येक माणूस एक तर बैल ठरतो, नाहीं तर ओझें. महार-मांगांचीं कामें आत्रे सांगतात, पण त्या कामांचा भाव ते कुणब्याच्या ओसरीवर बसून लावतात. काम करणाराचा दिवस गेला, रात्र गेली, दुसरा धंदा गेला, याचा रकाना त्यांच्या वहींत नाहीं. बलुतेदारांस आयतें खाण्याची संवय लागली आहे, त्यांचें वतन बंद व्हावें आणि केल्या कामाचे रोख पैसे द्यावे, हा त्यांच्या विवेचनाचा झोंक. येथें एक चमत्कार असा कीं, हीच मागणी पुढें डॉ. आंबेडकरांनींहि केली. दोघांचें मागणें एक, आणि कारणें अगदीं उलट. आत्र्यांस वतन नको होतें, कारण त्यानें कुणबी नागवला जातो. आंबेडकरांस तें नको होतें, कारण त्यानें महार बांधला जातो. मराठी टीकेनें या एका गोष्टीवर जरी पुरेसें लिहिलें असतें तरी पुष्कळ झालें असतें.

आजच्या वाचकास, विशेषतः शहरांत वाढलेल्यास, बलुतें म्हणजे काय हें थोडें सांगितलें पाहिजे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग इत्यादिकांनीं वर्षभर गांवाचें काम करावें आणि सुगीस कुणब्यानें खळ्यावर त्यांस धान्याचा वांटा द्यावा, अशी ही रीत. वांट्याच्या थोरली, मधली, धाकटी अशा कासा असत, आणि कोण कोणत्या कासेंत बसतो हें गांवोगांव बदले. सुताराचें बलुतें आणि महाराचें बलुतें एकाच खळ्यावर मोजलें जाई, म्हणून आपण दोन्ही एकाच मापाचीं समजतों. तीं तशीं नव्हतीं. मोडलेला नांगर दुरुस्त झाला कीं सुताराचें काम संपलें. त्याचें कसब त्याच्या हातांत होतें, आणि गांव सोडून तो पुण्यास आला तर तें त्याच्याबरोबर आलें. महाराचें काम हें असें कसब नव्हतें. ती हजेरी होती. रयतेस चावडीवर बोलावून आणावयाचें, सरकारी टपाल आणि वसुलाचा पैसा तालुक्यास पोंचवावयाचा, शिवेच्या तंट्यांत साक्ष द्यावयाची, मेलेलें जनावर ओढावयाचें, मयताची वार्ता परगांवीं न्यावयाची, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यास चारा आणि चुलीस लांकूड आणून द्यावयाचें. बोलावणें केव्हां येईल याचा नेम नाहीं, म्हणून दुसरा उद्योग धरण्यास सवड नाहीं. आणि कर्ता पुरुष घरीं नसला तर घरांतील दुसऱ्या कोणी तरी उठून जावें. असें काम पिढ्यान् पिढ्या करून माणसाच्या हातांत काय येतें? शहरांत गेल्यावर विकतां येईल असें कांहींच नाहीं.

आणि वेतनाचा प्रकार याहून विलक्षण. काम पुष्कळसें सरकारचें, पण पगार गांवाच्या मर्जीवर. हाडकी-हाडोळा म्हणून जी थोडी वतनी जमीन असे तिचे भावकींत दर पिढीस तुकडे पडत, आणि वतनी म्हणून ती मोकळेपणें विकतां येत नसे कीं गहाण टाकतां येत नसे. बाकीचें वेतन खळ्यावरच्या पेंढ्यांत आणि दारोदार मागून आणावयाच्या भाकरींत. गांव रागावलें कीं पेंढी बंद, भाकरी बंद. काम मात्र बंद करतां येत नाहीं, कारण तें सरकारचें. मजुरी हात पसरून घ्यावी लागली म्हणजे ती मजुरी आहे हें कांहीं पिढ्यांनीं घेणाराहि विसरतो. मग देणारा विसरला यांत नवल काय? 'गांवगाड्या'सारखा सूक्ष्म दृष्टीचा ग्रंथहि तें विसरला, यावरून ही विस्मृति किती खोल गेली होती याची कल्पना यावी.

जोतीराव फुले यांनीं आपली 'गुलामगिरी' १८७३ सालीं अमेरिकेंतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली, हें सर्वश्रुत आहे. पण ती अर्पणपत्रिका लिहिली जात होती त्याच वेळीं त्या मुक्त झालेल्या लोकांचें तिकडे काय चाललें होतें, हें आपल्याकडे फारसें सांगितलें जात नाहीं. १८६५ च्या जानेवारींत सेनापति शर्मन यानें दक्षिणेच्या किनाऱ्यावरील जमीन मुक्त कुटुंबांस चाळीस चाळीस एकरांपर्यंत वांटून देण्याचा हुकूम काढला. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सन यानें त्याच वर्षीं तो फिरविला आणि जमिनी जुन्या मालकांस परत केल्या. मग मुक्त झालेला शेतकरी त्याच मालकाची जमीन वांट्यानें करूं लागला. बी-बियाणें आणि पोटाचें धान्य मालकाच्याच दुकानांतून उधार, आणि वर्षअखेरीस वही उघडावयाची ती मालकानेंच. हिशेब ज्याच्या हातीं त्याची बाकी कधीं निघत नाहीं. तिकडील वर्णभेद आणि इकडील जातिभेद हे एकच आहेत असें मी म्हणत नाहीं. त्यांच्या मुळाशीं वेगळ्या कल्पना आहेत. पण एक फरक मोठा बोधक आहे. तेथें मुक्त झालेल्यास जमीन मिळाली नाहीं म्हणून त्याची मुक्ति अपुरी राहिली. येथें महारास जमीन होती, आणि ती जमीन होती म्हणूनच तो मुक्त होऊं शकला नाहीं.

ही गांठ ज्यानें प्रथम नीट सोडवून दाखविली ते डॉ. आंबेडकर. 'बहिष्कृत भारत' पत्र १९२७ च्या एप्रिलांत निघालें, आणि महारांच्या वतनाविषयीं त्यांनीं त्यांत जें लिहिलें तें राजकीय लेखन म्हणून बाजूस ठेवण्याची आपली चाल आहे. मला तें 'गांवगाड्या'वरील उत्तम टीकालेखासारखें वाटतें, जरी तें त्या ग्रंथास उद्देशून लिहिलेलें नाहीं. भाषा आत्र्यांइतकीच कोरडी, आंकड्यांची. फक्त वही उलट बाजूनें धरलेली. १९२८ च्या मार्चांत त्यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत १८७४ च्या वतन कायद्यास दुरुस्तीचें बिल आणलें. त्यांतील कलमें वाचलीं तर वाटतें कीं, एखादा चतुर कारकून जुनी खतावणी नव्यानें मांडीत आहे. बलुतें धान्यांत न देतां त्याचा रोख पैसा ठरवावा आणि तो सरकारानें साऱ्याबरोबर वसूल करून वतनदारास द्यावा, म्हणजे पेंढीसाठीं कोणाच्या खळ्यावर उभें राहणें नको. ज्यास वतन नको असेल त्यास पूर्ण सारा भरून जमीन रयतवारीनें ठेवतां यावी, म्हणजे जमीन राहील आणि चाकरी सुटेल. आणि चाकरी करावयाचीच तर कोणतीं कामें तिच्यांत मोडतात हें लिहून ठेवावें. या तिन्ही मागण्यांत क्रांतीची भाषा नाहीं. तरी बिल टिकलें नाहीं. १९२९ सालीं तें परत घ्यावें लागलें. सरकारास खर्चाची धास्ती होती, जमीनदार सभासदांस पैशाच्या पट्टीची. आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, वतन म्हणजे आपला वडिलार्जित मान असें समजणारे लोक महारांतहि कमी नव्हते. बावन्न हक्कांच्या सनदेची दंतकथा ज्यांनीं लहानपणापासून ऐकलेली, त्यांस तो हक्क सोडा म्हणून सांगणें सोपें नव्हतें.

अखेर कनिष्ठ गांव वतनें नाहींशीं करणारा कायदा मुंबई राज्यांत १९५८ सालीं झाला आणि १९५९ च्या १ ऑगस्टास अंमलांत आला. आंबेडकर तेव्हां हयात नव्हते. आकाराच्या तिप्पट रक्कम भरली म्हणजे जमीन जुन्या वतनदारास परत मिळावी, पण कलेक्टराच्या परवानगीवांचून ती विकूं नये, अशी त्यांतील तजवीज. ही अट कनवाळू आहे, कारण गरजवंताकडून जमीन लाटली जाऊं नये हा तिचा हेतु. तथापि तीमुळें ती जमीन पुरतीं मालकीचीहि झाली नाहीं. तारणास ती दुबळी, आणि विकावयाची तर आडमार्गानें, म्हणजे अर्थातच स्वस्तांत. महाराष्ट्रांतील शहरें जसजशीं वाढलीं तसतशा त्यांच्या कडेच्या अशा जमिनी कोणाच्या हातीं कशा गेल्या, याचे तंटे अद्याप संपलेले नाहींत.

आतां पुन्हा निगडीकडे येतों, कारण पुस्तकांतील हा हिशेब जमिनीवर कसा उतरतो हें पाहण्यास याहून सोईची जागा मला ठाऊक नाहीं. आंबेडकरांनीं १९१८ सालीं, तरुणपणीं, हिंदुस्थानांतील लहान शेतांविषयीं एक निबंध लिहिला होता. शेत लहान हें दुखणें नसून शेतीवर रिकामे हात फार पडले आहेत हें दुखणें आहे, आणि त्यावर औषध कारखानदारी, असा त्याचा मथितार्थ. हें औषध जेथें भरपूर पाजलें गेलें तो हा मुलूख. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. त्याच वर्षीं २५ डिसेंबरास येथून जवळच देहूरोड येथें आंबेडकरांनीं बुद्धमूर्तीची स्थापना केली. देहूरोडची वस्ती लष्करी कोठारांच्या आधारानें वाढलेली. महिन्याचा पगार रोख मोजून घेणारी. ज्या लोकांच्या बापांनीं पेंढीसाठीं वाट पाहिली होती त्यांच्या वर्गण्यांतून विहार उभे राहतात, याचा अर्थ धर्माच्या इतिहासकारांनीं सांगितला आहे. वेतनाच्या इतिहासकारानें तो अजून सांगावयाचा आहे. सरकारी कारखाना, लष्करी कोठार, रेल्वे, यांत राखीव जागा होत्या, नेमलेला पगार होता, निवृत्तिवेतन होतें. तेथें शिरलेल्या कुटुंबांची दुसरी पिढी शिकली. पुढें खाजगी कारखाने आले, ते आकारानें कितीतरी मोठे. तेथें राखीव जागांचा प्रश्नच नव्हता, आणि आतां तर बहुतेक ठिकाणीं कायमच्या कामगाराशेजारीं कंत्राटी कामगार उभा असतो. दोघे एकच पेच फिरवितात, आणि एकाचा पगार दुसऱ्याच्या निम्माहि नसतो. त्या निम्म्या पगाराच्या रांगेंत कोणत्या मुलुखांतले आणि कोणत्या जातींचे लोक अधिक आहेत, हें पाहावयास कोणी गेलें तर त्यास 'गांवगाडा' पुन्हा उघडावासा वाटेल. सकाळीं रस्ते झाडणाऱ्या स्त्रियांविषयीं तर लिहावयासच नको.

जमिनीची कथा निराळी, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. निगडी, आकुर्डी, भोसरी आदि गांवांच्या जमिनी त्यासाठीं घेतल्या गेल्या. २०२१ सालीं तें प्राधिकरण मोडलें, पण निगडीच्या त्या आंखीव रस्त्यांस लोक अजून 'प्राधिकरण'च म्हणतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनीं साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून वर्षानुवर्षें दाद मागितली, आणि ती मागणी न्याय्य होती. आत्र्यांचा कुणबी येथें खरोखरच नागवला गेला, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु त्याच्या हातांत दाद मागण्यास एक कागद होता, सात-बाराचा उतारा. त्याच गांवांत ज्यानें तीच जमीन मजुरीनें नांगरली, ज्यानें तिची शींव राखली, ज्यानें तिच्या मोटेचा नाडा वळला, त्याच्या हातांत कोणता कागद होता? खळ्यावरचा वांटा हा त्याचा हक्क, असें गांव शेंकडों वर्षें म्हणत आलें. पण खळें गेलें तेव्हां त्या हक्काची साडेबारा टक्के काय, दमडीचीहि भरपाई कोणीं मागितली नाहीं, आणि मागावी असें कोणास सुचलेंहि नाहीं. शेतकऱ्याच्या मुलानें उरल्या गुंठ्यांवर खोल्या बांधल्या, आणि भूमिहीनाचा मुलगा दुष्काळी मुलुखांतून आलेल्यांच्या शेजारीं त्यांतच भाडेकरी झाला. येथें दुष्टपणा कोणाचाच नाहीं. जो उताऱ्यावर नाहीं तो हिशेबांत नाहीं, इतकेंच.

निगडीच्या चौकांत शिवछत्रपति आणि तुकोबा यांच्या भेटीचें शिल्प आहे. ज्येष्ठांत देहूहून निघालेली पालखी येथूनच आकुर्डीच्या मुक्कामास जाते. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. सावकारानें आपली वही बुडवावी हें थोरच. पण ज्याचें येणें आहे त्यानें आपली वही बुडूं देतां कामा नये. दलित आत्मकथनें ही अशी न बुडविलेली वही आहे, आणि तीं त्या दृष्टीनें वाचावीं एवढ्यासाठीं हा सर्व प्रपंच केला.

तशीं वाचलीं म्हणजे त्यांचें मूल्यमापनहि बदलतें. दया पवार यांचें 'बलुतं' १९७८ सालीं निघालें आणि त्यांतील खाजगी आयुष्याच्या उघडेपणामुळें अधिक गाजलें. माझ्या मतें त्याचें खरें सामर्थ्य नगरकडील गांव आणि मुंबईचा कावाखाना यांमधील येरझारेंत आहे. गांवीं हक्काचें बलुतें, मुंबईस गोदींतली मजुरी आणि बायकांनीं गोळा केलेल्या चिंध्या-कागद. आणि मुंबईंत पैसा मिळत असतांहि गांवच्या त्या हक्कासाठीं भावकींत चालणारी भांडणें. आंबेडकरांचें बिल कां टिकलें नाहीं हें कौन्सिलाच्या कामकाजापेक्षां येथें अधिक चांगलें कळतें. शंकरराव खरात यांचें 'तराळ-अंतराळ' (१९८१) याच दृष्टीनें दोन भागांत फुटतें. बाप आटपाडीचा तराळ. मुलगा पुढें विद्यापीठाचा कुलगुरु. तराळकीच्या पाळीचें, रात्रीअपरात्रीं आलेल्या बोलावण्याचें वर्णन मराठींत याहून नेमकें मला माहीत नाहीं; आत्र्यांच्या वहींत जो रकाना नाहीं तो येथें भरलेला आहे. उत्तरार्ध मात्र पदें आणि सभा यांच्या यादीनें सुकून जातो. तराळ चांगला लिहिला गेला, अंतराळ तितकें नाहीं, हें स्पष्ट म्हणण्यास हरकत नसावी. आदरापोटीं टीका गप्प बसली तर तोहि एक प्रकारचा दुजाभावच.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'विषयीं (१९५९) मात्र मी थोडा साशंक आहें. त्यांचा पुतळा निगडींत आहे, आणि दर १ ऑगस्टास त्यांच्या जयंतीस तेथें मोठा समुदाय लोटतो. वतनाचा कायदा अंमलांत आला तीहि तारीख तीच, हा योगायोग कोणाच्या ध्यानीं येत असेल कीं नाहीं कोण जाणे. दुष्काळांत धान्य लुटून उपाशी वस्तीस जगविणारा हा नायक भव्य आहे, आणि त्याचा आवेश खरा आहे. पण नायक जितका उंच होतो तितकें त्याच्या भोवतालचें रोजचें काम, दोर वळणें, राखण करणें, त्यांचा भाव आणि मोबदला, दृष्टीआड होतें. लूट हा हिशेब फाडून टाकण्याचा प्रकार झाला. तो फाडण्याआधीं एकदां वाचून दाखविला असता तर कादंबरी अधिक मोठी झाली असती. उलट लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ची (१९८७) बांधणी विस्कळीत आहे, वाक्येंहि कोठें कोठें लंगडतात, पण तें पुस्तक आत्र्यांच्याच 'गुन्हेगार जाति' या १९११ च्या पुस्तकाशेजारीं ठेवून पाहावें. एकाच तऱ्हेच्या लोकांविषयीं एक पुस्तक पोलिसाच्या खांद्यावरून पाहून लिहिलेलें, आणि दुसरें त्याच्या काठीखालून. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ सालीं रद्द झाला; त्यानंतरहि चोरीवांचून दुसरें काम कोणी देईना, हें 'उचल्या'च्या पानोपानीं आहे. संधि म्हणजे काय याची व्याख्या शोधणारानें सूतगिरणींतील साध्या नोकरीनें त्या मुलाच्या चालण्या-बोलण्यांत काय फरक पडला तें पाहावें.

स्त्रियांच्या पुस्तकांत हा हिशेब सर्वांत चोख आहे, आणि याचें कारण उघड आहे. घरांत चूल पेटेल कीं नाहीं हें त्यांसच रोज मोजावें लागे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'चें (२००३) नांवच बांबूच्या विणलेल्या जिनसांवरून आलें. बाप गेल्यावर आई त्या विणीत बसे, आणि त्यांवर मुलांचें शिक्षण चाले. ही विणकर आई आणि मघां सांगितलेला तराळ यांत जो फरक आहे तोच मला महत्त्वाचा वाटतो. तिच्या हातांत कसब होतें, म्हणून तिच्या दारिद्र्यांतहि एक वाट होती. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकास ती सूप देईल किंवा न देईल.

आणि बेबी कांबळे. त्यांचें 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानें १९८६ सालीं निघालें. वीरगांवच्या महारवाड्याचें त्यांतील चित्र इतकें निष्ठुर आहे कीं स्वजनांसहि तें कांहीं ठिकाणीं जड जावें. भाकरी मागून आणणाऱ्या घरांतच सुनेस किती उपाशी ठेवीत, हें त्या लपवीत नाहींत. म्हणून त्यांचा ताळा मला विश्वसनीय वाटतो. लग्नानंतर फलटणास त्यांनीं पतीसह प्रथम सुटीं द्राक्षें विकलीं, त्यांतून चार पैसे उरले तसें घरांतच किराण्याचें लहानसें दुकान घातलें. गिऱ्हाईक वस्तींतलेंच. मीठ-मिरची बांधून द्यावयास रद्दीचीं वर्तमानपत्रें आणलेलीं असत; गिऱ्हाईक नसे तेव्हां त्या तीं वाचीत, आणि वाचतां वाचतां लिहूं लागल्या. लिहिलेलें घरांत कोणास दिसूं नये म्हणून तीं बाडें त्यांनीं वीस वर्षें लपवून ठेविलीं होतीं.